भिंत, भरती आणि घड्याळ

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यालगत व्हँकुव्हर बेट सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब पसरलेलं आहे. त्याच्या उत्तर टोकाला, पोर्ट हार्डी या लहानशा बंदरापलीकडे, नायजी आणि बालाक्लावा या दोन बेटांच्या मधून ब्राउनिंग पॅसेज नावाची चिंचोळी सामुद्रधुनी जाते. होडीतून पाहणाऱ्याला तिथे पाण्यापर्यंत उतरलेलं सूचिपर्णी झाडांचं रान, पाऊस आणि काळपट हिरवं पाणी एवढंच दिसतं. पाण्याखाली मात्र नायजी बेटाचा कडा तसाच उभा खाली जातो. हौशी डायव्हरने ४० मीटरांच्या खाली जाऊ नये असा संकेत आहे. हा कडा त्याच्याही बराच खाली जात राहतो. त्यावर बोट टेकवायला मोकळा खडक सापडत नाही. लाल मऊ प्रवाळांचे झुबके, त्यांच्यामधून वर आलेली पांढरीशुभ्र समुद्रफुलं, पिवळे स्पंज, मुठीएवढे बार्नेकल, आणि या सगळ्यावर हात पसरून बसलेले, फांद्यांना फांद्या फुटत गेलेले बास्केट स्टार. पाणी ७ ते १० अंश सेल्सिअस. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांची चित्रं पाहून डोळे सरावलेल्या माणसाला इतक्या थंड पाण्यात इतका रंग असेल हे आधी पटतच नाही.

अशा भिंतींवरच्या डायव्हिंगची ओळख करून देणं हे या प्रस्तावनेचं काम. या विषयाबद्दल बोलताना लोक पहिल्यांदा खोलीबद्दल बोलतात, मग थंडीबद्दल, मग प्रवाहाबद्दल, आणि शेवटी बहुतेक वेळा गाडी धाडसावर येऊन थांबते. माझं म्हणणं वेगळं आहे. भरती-ओहोटीच्या जोरदार प्रवाहातल्या खोल भिंतीवरची डाइव्ह यशस्वी होणार की फसणार, हे बरंचसं पाण्यात उतरण्याआधी कागदावर ठरलेलं असतं. खोली, थंडी, प्रवाह यांपैकी प्रत्येकाशी एकेकटं निभावून नेता येतं. ते एकमेकांत गुंततात ते वेळेच्या धाग्याने. त्यामुळे या डायव्हिंगमधलं खरं कसब स्नायूंपेक्षा वेळापत्रकाचं आहे. हे म्हणणं ऐकायला रुक्ष वाटतं आणि त्याला आक्षेपही बरेच आहेत. त्यांतले काही वजनदार आहेत.

सुरुवात भरतीपासून करू. कोकणातल्या दर्यावर्दी माणसाला भरतीचा हिशेब नवा नाही. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं मागे पडतो, त्याचं हे व्यवहारी रूप. आणि अमावास्या-पौर्णिमेचं उधाण, अष्टमीच्या आसपासचं भांग हेही सगळ्या किनाऱ्याला ठाऊक आहे. व्हँकुव्हर बेटाच्या उत्तरेला मोठ्या उधाणात पाणी पाचेक मीटर चढतं-उतरतं, म्हणजे जवळपास मुंबईइतकंच. मग मुंबईच्या माणसाला तिथलं पाणी ओळखीचं का वाटू नये? कारण भरतीच्या वेळेचं गणित पाण्याच्या उंचीचं आहे, आणि डायव्हरला हवी असते ती पाणी वाहायचं थांबण्याची वेळ. या दोन वेळा एकच आहेत असं आपण सहज धरून चालतो. उघड्या किनाऱ्यावर त्याने फारसं बिघडत नाही. चिंचोळ्या सामुद्रधुनीत बिघडतं.

याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण ब्राउनिंगच्या समोरच्या मुख्य भूमीवर आहे. तिथे सीमूर इनलेट आणि तिला जोडलेल्या खाड्यांचं मोठं जाळं आत डोंगरांत शिरलेलं आहे आणि या साऱ्या पाण्याला बाहेर पडायला नाक्वाक्तो नावाचं एक अरुंद तोंड आहे. बाहेर समुद्र मीटर-मीटरने चढतो, पण त्या तोंडातून आत जाऊ शकणारं पाणी मोजकं. त्यामुळे आतली पातळी बाहेरच्या मागे रेंगाळते. बाहेर भरती पूर्ण होऊन ओहोटी लागली तरी आतली पातळी अजून खालीच असते, आणि पाणी आत धावतच राहतं. आतली आणि बाहेरची पातळी जेव्हा बरोबरीला येते तेव्हाच प्रवाह थबकतो आणि उलटतो. डायव्हर ज्याला स्लॅक म्हणतात तो हा क्षण, आणि तो भरतीच्या वेळेपासून बराच दूर पडू शकतो. नाक्वाक्तोत प्रवाहाचा कमाल वेग १४ नॉटच्या आसपास जातो. त्या तोंडाच्या मधोमध टरेट रॉक नावाचं झाडांनी झाकलेलं एक टिकलीएवढं बेट आहे. पूर्ण प्रवाहात ते थरथरतं अशी तिथली सांगी आहे, म्हणून त्याला ‘थरथरतं बेट’ असंही नाव पडलं. ज्याला फक्त भरतीचं कोष्टक वाचता येतं आणि प्रवाहाचं नाही, तो माणूस इथे घड्याळ बघून, पूर्ण आत्मविश्वासाने, चुकीच्या वेळी पाण्यात उतरेल.

कॅनडाची जलालेखन संस्था म्हणूनच प्रवाहांची कोष्टकं वेगळी छापते: पाणी कधी उलटणार, कमाल वेग कधी आणि किती. अशी भाकितं करणं शक्य झालं ते भरती ही अनेक नियमित तालांची बेरीज आहे हे एकोणिसाव्या शतकात नीट उलगडल्यामुळे. चंद्राचा १२ तास २५ मिनिटांचा ताल सगळ्यांत बलवान, त्यावर सूर्याचा बारा तासांचा, त्यावर दिवसातून एकदाच येणारे काही. लॉर्ड केल्विन यांनी १८७२-७३ मध्ये या तालांची बेरीज करणारं, चाकं आणि कप्प्यांचं यंत्र बनवलं. त्यानंतर काही वर्षांतच, १८७९ साली, एडवर्ड रॉबर्ट्स यांनी असंच एक यंत्र खास हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी तयार करवून घेतलं. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची नियमित स्वयंचलित नोंद १८७८ पासून सुरू झाली होतीच. चांगली भाकितं हवीत तर आधी लांबलचक नोंदी हव्यात, हा धडा मुंबई बंदराने फार लवकर घेतला. ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावर दिवसातून एकदाच येणारे ताल बरेच जोरदार आहेत, त्यामुळे तिथल्या दोन भरत्या एकसारख्या नसतात: एक मोठी, एक लहान, आणि दोन ओहोट्यांचंही तेच. डायव्हरच्या दृष्टीने ही विषमता म्हणजे वरदान. दोन मोठ्या प्रवाहांच्या मधला स्लॅक क्षणभराचा असतो. लहान भरती आणि लहान ओहोटीच्या मधला ऐसपैस. महिन्याच्या कोष्टकावर बोट फिरवत तो ऐसपैस स्लॅक शोधणं आणि तो दिवसाउजेडी पडतो का ते पाहणं, इथून या डाइव्हची तयारी सुरू होते.

‘ऐसपैस’ म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय माझा मुद्दा कळणार नाही. पायांत फिन घातलेला, पाठीवर सिलिंडर आणि अंगावर जाड सूट असलेला धडधाकट डायव्हर फार काळ एक नॉटच्या प्रवाहाविरुद्ध पोहू शकत नाही. एक नॉट म्हणजे ताशी १.८५ किलोमीटर; किनाऱ्यावर म्हातारं माणूसही याच्या दुपटीने चालतं. पण पाण्यात वेग दुप्पट झाला की रोध चौपट होतो आणि तो वेग राखायला लागणारी शक्ती आठपट. तेव्हा एक नॉट ही कामचलाऊ मर्यादा धरू. प्रवाह शून्यापासून कमाल वेगापर्यंत साध्या ज्या-वक्राने चढतो असं मानलं तर कमाल वेग ४ नॉट असलेल्या ठिकाणी स्लॅकच्या दोन्ही बाजूंना मिळून सुमारे एक तास प्रवाह एक नॉटच्या खाली राहतो. कमाल ८ नॉट असेल तर अर्धा तास. १४ नॉट असेल तर जेमतेम सतरा मिनिटं. आणि हा हिशेबही उदार आहे. नाक्वाक्तोसारख्या तोंडातून पाणी वाहतं ते दोन बाजूंच्या पातळीतल्या फरकामुळे, आणि अशा वाहण्याचा वेग त्या फरकाच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे फरक नुकताच पडू लागला की वेग ज्या-वक्रापेक्षाही घाईने चढतो. सतरा मिनिटांची खरी मिनिटं त्याहून कमी भरतात. भिंतीवर उतरणं, पाहणं, वर येणं आणि पाच मीटरांवर तीन मिनिटं थांबणं हे सगळं त्यात बसवायचं आहे.

आता हवेचा हिशेब. १२ लिटरचा सिलिंडर २०० बार दाबाने भरला की त्यात पृष्ठभागावरच्या मापाने २,४०० लिटर हवा मावते. त्यातली ५० बार, म्हणजे ६०० लिटर, अडीअडचणीला राखून ठेवायची. उरली १,८०० लिटर. शांतपणे तरंगणारा डायव्हर पृष्ठभागावर मिनिटाला सुमारे २० लिटर हवा घेतो. ३० मीटर खोलीवर दाब चौपट, म्हणून तिथे तोच डायव्हर मिनिटाला ८० लिटर संपवतो आणि त्याला बावीसेक मिनिटं मिळतात. हाच माणूस प्रवाहाशी झगडू लागला की त्याचा श्वास पृष्ठभागाच्या मापाने मिनिटाला ५० लिटरवर सहज जातो. तीस मीटरांवर मग १,८०० लिटर नऊ मिनिटांत संपतात, चाळीस मीटरांवर सात मिनिटांत. हे आकडे माणसागणिक बदलतात, पण त्यांची जात बदलत नाही. खोलवर दाट झालेली हवा रेग्युलेटरमधून ओढायलाच जास्त कष्ट पडतात, धापा टाकताना कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर टाकला जात नाही, आणि तो साठला की आणखी धाप लागते आणि नायट्रोजनची गुंगी अधिक चढते. स्लॅक पंधरा मिनिटांनी हुकणं ही वेळेची चूक. ती खोलीवर हवेची चूक बनते, आणि हवेची चूक बनली की डोकंही ठिकाणावर राहत नाही. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी १९९२ ते २००३ या काळातल्या ९४७ हौशी डायव्हरांच्या मृत्यूंचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. ज्या घटनांत अपघाताची सुरुवात कशाने झाली हे ठरवता आलं, त्यांतल्या ४१ टक्क्यांत ती हवा अपुरी पडण्याने झाली होती. हा अभ्यास सगळ्या प्रकारच्या पाण्याचा आहे, फक्त प्रवाहाचा नव्हे. पण हवा कुठे गेली असं विचारायचं झालं तर प्रवाह हे एक उघड उत्तर आहे.

भिंत या हिशेबात आणखी एक पदर घालते. सपाट तळावर प्रवाहाला पुढे किंवा मागे जाण्यावाचून गत्यंतर नसतं. उभ्या कड्याला मात्र कोपरे असतात, पुढे आलेली नाकं असतात, आत गेलेल्या घळी असतात. वाहतं पाणी अशा नाकावर आदळलं की त्यातलं काही वर जातं आणि काही खाली. खाली जाणाऱ्या पाण्यात सापडलेल्या डायव्हरला खालून आधार द्यायला तळ नसतो. त्याचे बुडबुडे वर जाण्याऐवजी आजूबाजूला घुटमळतात किंवा चक्क खाली ओढले जातात, आणि बहुतेकदा हीच पहिली खूण असते. खोली वाढली की सूटमधली हवा दबते, माणूस जड होतो, अधिक वेगाने खाली जातो. जॅकेटमध्ये हवा भरून वर येणं हा सरळ दिसणारा उपाय आहे, पण त्याचीही किंमत आहे: तीस मीटरांवर भरलेली हवा पृष्ठभागाला येईपर्यंत चौपट फुगते, आणि खाली ओढणारं पाणी अचानक सोडून गेलं तर डायव्हर बाटलीच्या बुचासारखा वर उसळतो. उसळून वर येणं फुप्फुसांनाही घातक आणि रक्तातल्या नायट्रोजनच्या दृष्टीनेही. जाणते लोक म्हणून भिंतीपासून आडवं दूर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडायला सांगतात, किंवा हाताशी खडक असेल तर त्याला धरून चढत यायला. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर भिंत आसराही देते. खडकाला घासून जाणारं पाणी मंदावतं, आणि कड्यापासून हातभर अंतरावर जो प्रवाह सोसवतो तो तीन मीटर बाहेर सोसवत नाही. उंचवट्याच्या आडोशाला तर पाणी उलट दिशेने फिरत असतं. या सगळ्याची माहिती पोहण्याच्या ताकदीने मिळत नाही. कोणत्या नाकाच्या कोणत्या बाजूला भरतीत आडोसा मिळतो आणि ओहोटीत मिळत नाही, हे आधी माहीत असावं लागतं.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो अगदी रास्त आहे. इतकं सगळं असेल तर जावंच कशाला? जगात शांत पाणी कमी आहे का? याचं उत्तर त्या भिंतीवरच बसलेलं आहे. कड्याला चिकटलेल्या प्राण्यांना चालता येत नाही. अन्नाने त्यांच्यापर्यंत यावं लागतं, आणि ते आणून देतो तो प्रवाह. अरुंद तोंडांतून घुसळून निघणारं पाणी खालचे क्षार वर आणतं, त्यावर प्लवकं पोसली जातात, आणि ती प्लवकं दिवसातून चारदा, दिशा बदलत, भिंतीवरून वाहून नेली जातात. पांढरं समुद्रफूल जवळून पाहिलं तर हे दिसतं: मंद पाण्यात त्याचा देठ ताठ असतो आणि माथ्यावरचा बारीक संस्पर्शकांचा गुच्छ फुलून आलेला, प्रवाह वाढला की देठ वाकतो आणि गुच्छ वाऱ्यात उलटलेल्या छत्रीसारखा खालच्या अंगाला वळतो, पण गाळायचं काम चालूच. नाक्वाक्तोच्या टरेट रॉकवर लाल ओठांचे हंसमान बार्नेकल खोल पाण्यात दाटीने वाढलेले आहेत. ही जात एरवी उघड्या महासागराच्या काठावर, फुटणाऱ्या लाटांचा मारा सोसणाऱ्या खडकांवर, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात राहते. लाटा जे काम तिथे करतात ते इथे प्रवाह करतो, म्हणून ती लाटांपासून दूर आणि कायम पाण्याखाली राहूनही नांदते. थोडक्यात, प्रवाह वगळून ही भिंत पाहता येईल अशी दुसरी जागा नाही. शांत पाण्यातल्या भिंती आहेत, त्याही पाहण्याजोग्या आहेत, पण त्या या भिंती नव्हेत.

दुसरा आक्षेप अनुभवी डायव्हरांचा. स्लॅकची वाट बघत बसायचं कशाला, प्रवाहाबरोबर वाहत जावं. मेक्सिकोतल्या कोझुमेलला हजारो लोक उभ्या भिंतींवर असंच डायव्हिंग करतात, खालून माणूस वाहतो आणि वरून होडी मागोमाग येते. खरं आहे, आणि कोझुमेल ही उत्तम जागा आहे. पण तिथला प्रवाह मुख्यतः भरती-ओहोटीचा नाही. तो युकाटन प्रवाहाचा, म्हणजे महासागराच्या एका मोठ्या ओघाचा भाग आहे. तो कमीजास्त होतो, पण सहा तासांनी उलटत नाही आणि चिंचोळ्या तोंडात कोंडून चौदा नॉटवर जात नाही. पलाऊमधल्या ब्लू कॉर्नरला डायव्हर खडकात आकडा अडकवून प्रवाहात पतंगासारखे तरंगतात; तिथे प्रवाह भरतीचा आहे, आणि तिथले जाणकारही कोणत्या वेळी कोणत्या बाजूने उतरायचं हे आधी ठरवूनच येतात. चिंचोळ्या सामुद्रधुनीत वाहत जायचं तर आपण वाहत कुठे जाणार हे माहीत हवं, आणि पुढे भोवरे असतील तर ते माहीत असूनही उपयोग नाही. ब्रिटिश कोलंबियाच्या काही भिंतींवर कमी प्रवाहात वाहत जाऊन डायव्हिंग होतं, हे मी नाकारत नाही. तिथेही प्रवाह किती आणि किती वेळ, हे कोष्टकातून काढूनच ते होतं.

कोष्टकांवरच संशय घेणारा आक्षेप मला सगळ्यांत जड वाटतो. कोष्टक चंद्र-सूर्याचं आहे, हवामानाचं नाही. वादळ आलं, हवेचा दाब घटला की समुद्राची पातळी काही सेंटीमीटर वर येते. एक मिलिबार दाब कमी झाला की साधारण एक सेंटीमीटर. सोसाट्याचा वारा पाणी एका बाजूला ढकलून ठेवतो. बर्फ वितळून नद्यांना पूर आला की खाड्यांच्या वरच्या थरात गोडं पाणी येतं आणि ते खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा वेगळं वागतं: वर ओहोटी वाहते आहे आणि खाली अजून भरती शिरते आहे असंही होतं. शिवाय कोष्टकातला आकडा एका ठरावीक बिंदूचा असतो, बहुतेकदा सामुद्रधुनीच्या मध्याचा, आणि डायव्हर उतरतो तो काठच्या कड्यावर. तेव्हा कागदावरची वेळ वीस मिनिटांनी चुकू शकते, आणि वर म्हटल्याप्रमाणे वीस मिनिटं म्हणजे कधी कधी सगळीच डाइव्ह. हे मान्य करूनही माझा मुद्दा ढळत नाही, त्याचं रूप मात्र बदलतं. कोष्टक सांगतं ते किती वाजता तिथे पोहोचून पाण्याकडे बघत बसायचं हे; उतरायचं कधी हे पाणीच सांगतं. या किनाऱ्यावर त्यासाठी बुल केल्प नावाचं शेवाळ फार उपयोगी पडतं. तळाच्या खडकाला धरून दोरीसारखा लांब देठ वर येतो आणि त्याच्या टोकाला हवेने भरलेला, नारळापेक्षा लहान असा गोळा तरंगतो. प्रवाह जोरात असला की हे गोळे पाण्याखाली ओढले जातात आणि पृष्ठभाग रिकामा दिसतो. पाणी मंदावलं की ते एकेक करून वर येतात, त्यांची पानं एका दिशेला ताणलेली असतात. पानं सैल पडून कुठल्याच दिशेला बोट दाखवेनाशी झाली की उतरायला हरकत नाही, आणि डाइव्ह चालू असताना ती दुसऱ्या दिशेला वळू लागली की होडीवरचा माणूस घड्याळ बघतो. वर्षानुवर्षं एकाच सामुद्रधुनीत होडी चालवणाऱ्या माणसाकडे या खुणांची स्वतःची वही असते: अमुक कोष्टकात दहा मिनिटं मिळवायची, तमुक वाऱ्याला पंधरा वजा करायची. अनुभव विरुद्ध गणित असा जो वाद लावला जातो तो मला म्हणून पोकळ वाटतो. त्या वहीत जे असतं तेही गणितच.

पाण्याखालच्या स्कूटरमुळे हे सगळं मोडीत निघेल असं म्हणणारे अलीकडे भेटतात. हाताने धरायची, पंखा फिरवून डायव्हरला ओढणारी ही यंत्रं साधारण दोन-अडीच नॉटने जातात. मग मघाच्या हिशेबात एक नॉटच्या जागी अडीच घाला: चौदा नॉटच्या तोंडात स्लॅकच्या दोन्ही बाजूंना मिळून सतरा मिनिटांऐवजी चाळीसेक मिनिटं मिळतात. बराच फायदा आहे, नाही म्हणता येणार नाही. पण बॅटरी संपली किंवा पंख्यात केल्पचा देठ गुंडाळला गेला की डायव्हर पुन्हा एक नॉटचा होतो, आणि आता तो अडीच नॉटच्या पाण्यात, होडीपासून दूर असतो.

या किनाऱ्यावर माणसाने प्रवाहाशी यंत्रांनिशी दोन हात केल्याचा एक मोठा दाखला आहे. व्हँकुव्हर बेट आणि क्वाड्रा बेट यांच्यामधल्या सीमूर नॅरोजमध्ये रिपल रॉक नावाचा दोन शिखरांचा खडक पाण्याखाली लपलेला होता. १८७५ साली अमेरिकन नौदलाचं सारानॅक हे जहाज तिथे बुडालं आणि पुढे ऐंशी वर्षं जहाजं आणि माणसं जात राहिली. वरून बोट स्थिर ठेवून खडकाला भोकं पाडायचे प्रयत्न प्रवाहापुढे टिकले नाहीत. अखेर शेजारच्या मॉड बेटावरून समुद्रतळाखालून बोगदा खणला गेला, दोन्ही शिखरं आतून पोखरून त्यांत सुमारे १,३७५ टन स्फोटकं भरली गेली आणि ५ एप्रिल १९५८ रोजी स्फोट केला गेला. तो दूरचित्रवाणीवर थेट दाखवला गेला होता. खडक गेला. प्रवाह तिथेच आहे, आजही १५ नॉटच्या घरात, आणि अलास्काला जाणारी प्रचंड प्रवासी जहाजं आजही स्लॅक गाठता यावा म्हणून आपला वेग आधीपासून जमवून आणतात. हजारो अश्वशक्तीची इंजिनं असलेला कप्तान वाट बघतो आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. पाठीवर एक सिलिंडर घेतलेल्या माणसाने वाट बघितली की मात्र त्याला भित्रा म्हणणारे भेटतात.

शेवटचा आक्षेप आनंदाचा आहे. सगळंच मिनिटांत मोजलं तर समुद्रात जाण्यातली मोकळीक कुठे राहिली? मला हा प्रश्न उलटा दिसतो. ज्याचा हिशेब झालेला असतो त्याला भिंतीवर पोहोचल्यावर हिशेब करावा लागत नाही. परत फिरायची वेळ, परत फिरायची हवा, सर्वांत खोल आकडा आणि प्रवाह उलटल्यावर तो कुठल्या बाजूला नेईल, हे चार निर्णय होडीवर झालेले असले की उरलेली वीस मिनिटं बास्केट स्टारच्या हातांकडे बघायला मोकळी मिळतात. तीस मीटरांवर गुंगीत निर्णय घ्यायला बसलेला माणूस मोकळा असतो असं म्हणणं धाडसाचं आहे. रद्द करण्याचा निर्णयही याच जातीचा. केल्प सैल पडलं नाही तर उतरायचं नाही, हे सकाळी नाश्त्यालाच ठरलेलं असेल तर दुपारी त्यावर वाद होत नाही. हजार डॉलर मोजून आलेल्या माणसाला तो वाद घालायचा मोह होतो, म्हणूनच अखेरचा शब्द होडी चालवणाऱ्याचा ठेवतात.

मराठी डायव्हरांची पहिली बुडी बहुधा तारकर्लीला किंवा गोव्याच्या ग्रांदे बेटाजवळ होते, उथळ पाण्यात, हात धरून. तिथून काही जण अंदमानला जातात आणि मग पासपोर्ट काढून लांब. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवर भर समुद्रात बुडालेलं आंग्रिया बँकचं पठार आहे. त्याचा माथाच वीसेक मीटर खोल, तेव्हा तिथलं डायव्हिंग कधी सर्रास सुरू झालं तर प्रवाह आणि खोली यांचा एकत्र विचार आपल्या किनाऱ्यालाही करावा लागेल. तोवर परदेशात अशा भिंतीसाठी पैसे भरण्याआधी सहल नेणाऱ्याला काही साधे प्रश्न विचारायला हरकत नाही. त्या दिवशीचा स्लॅक किती वाजता, तो कोणत्या कोष्टकातून काढला आणि त्यात किती मिनिटांची दुरुस्ती केली? त्याच्या आधीचा आणि नंतरचा कमाल वेग किती? डायव्हर खाली असताना होडी नांगर टाकून उभी राहणार की इंजिन चालू ठेवून बुडबुड्यांच्या मागे फिरणार? नांगर टाकणार असं उत्तर आलं तर दुसरी होडी शोधावी.